लाल खुंटी बाहेर राहिली

आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. मळवलीला एका बंगल्याची राखण, मागच्या खाचरात भात आणि हाताला लाकूडकामाचा नाद, एवढा त्यांचा संसार. मी पुण्यात पीएचडी करत होते आणि तीन वर्षं एकाच प्रश्नाशी झगडत होते.

प्रश्न सांगायला सोपा आहे. पेशीभोवती एक तेलकट पापुद्रा असतो. काही प्रथिनं त्यातून आरपार जातात आणि जाताना स्प्रिंगसारखा पीळ घेतात. पीळ अमिनो आम्लांचा. प्रत्येकाची एक फांदी बाहेर निघते, कुणाची लांब, कुणाची जाड. ग्लायसीनची फांदी म्हणजे जवळपास नाहीच. माझ्या प्रथिनाचे दोन सारखे पीळ एकमेकांना बिलगले तरच ते कामाला लागतं, आणि माझं म्हणणं असं की बिलगायला जागा ग्लायसीन करून देतं. म्हणून मी ते काढून तिथे जाडजूड ल्युसीन बसवलं. पीळ सुटायला हवे होते. सुटले नाहीत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "समितीपुढे काही दाखवता आलं नाही तर विषय बदलू." विषय बदलणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात, आणि शिष्यवृत्ती उरली होती एका वर्षाची. मी त्या दिवसांत प्रथिनालाच शिव्या घालत होते.

काम तपासणाऱ्या समितीपुढे हात हलवत जायला नको, निदान एक लाकडी नमुना तरी न्यावा, म्हणून मी आबांना गळ घातली. दांडीवर एका फांदीला एक खुंटी; कागदावर फांद्यांची यादी क्रमाने लिहून दिली, कोणती लांब, कोणती आखूड. मी बदललेलं ग्लायसीन लाल रंगवायला सांगितलं.

"एका फेऱ्याला किती खुंट्या?" आबांनी विचारलं.

"साडेतीनहून जरा जास्त."

"जरा म्हंजी किती? भोक पाडताना गिरमिटाला जरा कळत न्हाई."

मी डोकं खाजवलं. "अठरा खुंट्यांना पाच फेरे."

"आता कसं," म्हणाले आणि कागद खिशात घातला.

दोन आठवड्यांनी रविवारी गेले. बंगल्याच्या पडवीत पडद्यांच्या दोन जुन्या लाकडी दांड्या, त्यांवर बांबूच्या खुंट्या, सुतळी गुंडाळून आखलेल्या वळणावर एकीमागून एक. प्रत्येक ग्लायसीनच्या जागी नुसता टिंबाएवढा उंचवटा. काम इतकं नेटकं होतं की मी एकेका खुंटीवरून बोट फिरवत राहिले. आबा मात्र खूश दिसत नव्हते.

"सगळ्या बाजूंनी लावून बघितल्या," ते म्हणाले. "एकाच बाजूनं जवळ येत्यात, त्याबी जरा तिरप्या धरल्या तर. पन तुजी लाल खुंटी तितं न्हाईच. ती भायेर बघती."

माझा पारा चढला. म्हटलं, "आबा, तुमचीच एखादी खुंटी चुकली असेल."

"मोज," एवढंच म्हणाले.

मोजल्या. एकही चुकली नव्हती. बिनरंगाचे दुसरे दोन उंचवटे, मध्ये तीन खुंट्या सोडून, एका अंगाला ओळीने आले होते. त्या खोलगट जागेत दुसऱ्या दांडीची कूस अलगद बसत होती. लाल ठिपका पाठीवर.

तिथेच पडवीत बसून वही उघडली. प्रथिन शुद्ध करताना पकडायला सोपं जावं म्हणून आम्ही त्याला सहा अमिनो आम्लांची शेपटी जोडतो, तीही तोंडाकडे. ग्लायसीन कितवं ते मोजायचं असतं मूळ प्रथिनापासून. मी पहिल्याच महिन्यात शेपटीपासून मोजलं होतं. दुर्दैव असं की नेमकं सहा घरं अलीकडेही एक ग्लायसीनच होतं, त्यामुळे ना मला शंका आली ना सरांना. तीन वर्षं मी भलत्याच दाराला कुलूप लावत होते. मला रडू आलं. आबा उठून चहा ठेवायला गेले.

समितीपुढे मी चूक कुणी काढली तेही सांगितलं. लाज वाटली, पण अभिमान जास्त वाटला. मग त्या दोन उंचवट्यांतलं योग्य ग्लायसीन बदललं. दोन पीळ जवळ असले की आमच्या परीक्षानळीत चमक वाढते. या वेळी ती पार उतरली. मी नाचतच मळवली गाठली.

"आबा, सुटले दोन्ही."

ते खाचराच्या बांधावर उभे होते. आनंद झालेला दिसेना. "सुटलं, त्यात काय? खुंटी जाड केली, सुटनारच. पन जाड केल्यानंच सुटलं, का तुज्या हातनं दुसरं काय मोडलं? बारकी परत बसव. परत जुळल्या, तर तुजं खरं."

हा प्रयोग मी केलाच नव्हता. समितीतल्याही कुणाला तो सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पुण्याला गेले आणि ग्लायसीन परत बसवायला घेतलं.