अक्काचं बाळ आणि तेराचा पाढा

मंडळी, आज दिवेलागणीची गोष्ट ऐका.

अक्काचं बारा दिवसांचं बाळ रडून लालबुंद झालं होतं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, उपयोग शून्य. चार दिवस झोप नसलेली अक्का बसल्या जागी डुलत होती.

परवचा चुकवायला मी म्हटलं, “अक्का, इकडं दे. तू झोप जा.”

“पाडशील की रे त्याला!”

“आता तूच पडशील.”

बाळाला खांद्यावर घेतलं, तर आमचे मास्तर अप्पा ओरडले, “पाढे कोण म्हणणार?”

येरझाऱ्या घालत सुरू केलं. तेराच्या पाढ्याला बाळ गप्प झालं. मी बेधडक चुकीचं ठोकलं, “तेरा सत्ते त्र्याण्णव.”

अप्पांनी छडी उचलली. बाळ झोपलेलं, अक्का घोरतेय. हळूच म्हणाले, “थांबू नको, पुढं म्हण.”

उद्या परत हेच काम आहे. चौदाचा कुणाला येतो काय?