बाईंना वास येत होता

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा. त्या साली मी जे केलं ते आजपर्यंत कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही, ज्याच्या हातचा चहा चाळीस वर्षं प्यालो त्या सलीमजवळही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते विचारू नका. मलाच नीट ठाऊक नाही.

कोन गावात, रस्त्याला लागून माझं गॅरेज. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. पण गाडीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, असं लोक म्हणत — आणि मी म्हणवून घेत असे, खोटं कशाला बोलू? माझं नाव होतं ते नाकासाठी. निजामपुऱ्यात ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद सांगायचे, मशीनला मागाहून कळतं, नाकाला आधी कळतं. गाडी समोर आली की मी वाकून एक लांब श्वास घ्यायचो आणि सांगायचो — क्लच जळालाय, नाहीतर इंजिनाच्या ऑइलात पेट्रोल उतरतंय. गिऱ्हाईक बघतच राहायचं.

आदल्या वर्षी मला ताप आला. दोन आठवडे पडून होतो. उठलो, बरा झालो. नाक काही बरं झालं नाही.

यात लपवण्यासारखं काय, म्हणाल तुम्ही. आजारपण ते. खरंय. पण ज्याला लोक नाकासाठी ओळखतात त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं? बायको बोंबील तळायची, मला काही कळायचं नाही. मी ताटाकडे बघून म्हणायचो, "आज झकास झालंय हां." गॅरेजातही तेच. वाकायचो, श्वास घ्यायचो, आणि मग कानाने, हाताने, अंदाजाने दोष सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर यायचा. म्हणून वाटत गेलं — चाललंय ते चालेल.

त्यात कर्णिकबाई आल्या. काल्हेरच्या शाळेत शिकवायच्या, राहायला कोनलाच. पन्नाशी गाठल्यावर गाडी शिकल्या होत्या. गोदामांच्या ट्रकांमधून आपली लहानशी पेट्रोल गाडी रोज नेत-आणत, आणि माझ्या दारावरून जाताना एकदा हॉर्न द्यायच्या. नवऱ्यालाही गाडी यायची, कचेरीत कारकून होता तो. पण बाई चालवते आणि आपण बाजूला बसतो, हे त्याला फारसं रुचत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "काका, सकाळी दार उघडलं की आत पेट्रोलचा वास येतो. टाकी फुल केली की जास्तच. डोकं दुखतं हो."

आता बघा — एवढं ऐकल्यावर शिकाऊ माणूसही सांगेल की पेट्रोल नाही, पेट्रोलची वाफ गळतेय. टाकीतली वाफ एका रबरी पाइपाने कोळशाच्या डबीत जाते, तिथून इंजिनात. त्या पाइपाला बारीक चीर गेली तर खाली थेंब पडत नाही, डाग पडत नाही. तिला पहिल्यांदा पकडतं ते नाकच. मी काय केलं? वाकलो, श्वास घेतला, टाकीखालून फडकं फिरवलं. फडकं कोरडं. म्हणालो, "न्हाय हो बाई. कोरडी ठाक हाय."

आठवड्याने पुन्हा आल्या, या वेळी नवऱ्याला घेऊन. त्याच्या तोंडात कायम तंबाखू, त्याला कसला वास येणार? तो हसला. "या उस्तादांना येत नाही, मला येत नाही. तुलाच बरा येतो!" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून. आणि मी म्हणालो, "काही काही माणसांच्या डोक्यातच वास बसतो." हे वाक्य त्याला मी दिलं. त्याच्याजवळ आधी नव्हतं ते.

पुढे तेच वाक्य त्यांच्या घरात फिरलं. दूध करपल्याचा वास आला म्हणाल्या, तरी नवरा म्हणे, उस्ताद काय बोलले आठवतंय ना? डॉक्टर दाखवून झाला. झोपेच्या गोळ्या झाल्या. मला हे त्यानेच सांगितलं, हवा भरायला आला तेव्हा, गंमत म्हणून. मीही हसलो.

तिसऱ्या वेळी बाई एकट्या आल्या, सकाळी, शाळेच्या आधी. चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "काका, आज गाडी इथेच राहू दे. काचा लावून एकदा आत बसा. तुम्ही नाही म्हणालात तर मी मानेन. मग मी कुणाशी वाद घालणार नाही." आणि शेअर रिक्षाने गेल्या.

बसलो मी. काचा लावून, दार ओढून. घाम आला. वास? काहीच नाही. मला काय, तिथे कुणी रॉकेलची टाकी ओतली असती तरी कळलं नसतं.

तेवढ्यात सलीम चहा घेऊन आला. मी दार उघडलं तसा तो दोन पावलं मागे सरला. "या अल्ला! उस्ताद, पेट्रोल से नहाए हो क्या? इतनी बास!"

मी म्हणालो, "थिनर है. हाथ धोया." म्हणजे तिथेही खोटंच. तो गेला. मी चहा तसाच ठेवला.

मग मात्र मी ते काम जसं करायला हवं तसं केलं. मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण काढलं. वाफेच्या वाटेचं दुसरं टोक बंद केलं आणि पायपंपाने अगदी हलकी हवा दिली — जोरात दिली तर टाकीच फुगायची. दाढीच्या ब्रशाने प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावत गेलो. पहिला जोड शांत. दुसरा शांत. पाइप जिथे वळतो, तिथे क्लिपच्या आड, एक फुगा आला. फुटला. पुन्हा आला. क्लिप सोडवून पाहिलं — केसाएवढी चीर. मागे असला दोष मी उभ्या उभ्या सांगितला असता. नवा पाइप कापून बसवला, नवी क्लिप आवळली, पुन्हा साबण लावला. फुगा नाही. झाकण, सीट, सगळं जागच्या जागी. जुना तुकडा मी खिशात घातला.

खिशात का घातला? कुणी बघू नये म्हणून. दुसरं काय.

कारण संध्याकाळपर्यंत मला ठरवायचं होतं. पाइप दाखवला की विचारणार — दोन वेळा कसं कळलं नाही, उस्ताद? मग नाकाचं सांगावं लागणार. एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला ती बाई आणि तिचं डोकं ठिकाणावर आहे ही गोष्ट. एवढंच तोलायचं होतं. तुम्हाला सोपं वाटतंय ना? मलाही आता वाटतं.

संध्याकाळी दोघं आले. नवरा लांबूनच ओरडला, "काय उस्ताद, सापडलं का भूत?"

मी म्हणालो, "असंल तर सापडंल ना."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या गाडीत बसल्या, दार लावून घेतलं. बराच वेळ बसल्या. काच खाली करून हळूच म्हणाल्या, "आज नाही येत."

"बघ!" नवरा म्हणाला. "उस्ताद, तुम्ही काय केलंत?"

अजूनही वेळ होती. हात खिशातच होता माझा, त्या तुकड्यावर.

"काय नाय," मी म्हणालो. "सीट झटकली नुसती."

"म्हणजे डोक्यातच होतं," नवरा म्हणाला. रागाने नव्हे, उलट सुटल्यासारखा. बाई क्षणभर स्टिअरिंग धरून राहिल्या. मग उतरल्या, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या आणि बसल्या. म्हणाल्या, "तुम्हीच घ्या चालवायला. माझा मला भरवसा नाही." त्यानंतर त्यांच्या हातात ती गाडी मी कधी बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून गॅरेजला निघालो होतो. नाक्यावर त्या रिक्षाच्या रांगेत उभ्या होत्या, वह्यांची पिशवी खांद्याला. मला बघून रांग सोडून पुढे आल्या. मी थांबलो.

"काका, माफ करा हं," त्या म्हणाल्या. "तीन तीन वेळा तुम्हाला उगाच त्रास दिला."

मी म्हणालो, "असू द्या बाई. व्हतं असं कुणाकुणाला." आणि स्कूटर पुढे काढली.