मातीच्या कोर्टाचे पंच

निजामाच्या राज्यात मातीइतका निःपक्षपाती न्यायाधीश दुसरा नाही, असं आमच्या कचेरीतले पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे कारकून, म्हणत. हा न्यायाधीश म्हणजे उस्मानाबादच्या अधिकारी क्लबाचं टेनिस कोर्ट. ते मुरूम अंथरून शेणानं सारवलेलं असे, आणि दुपारी त्यावर शेळ्या बसत.

पेशकार स्वतः खेळत नसत, पंच होत. हैदराबादेत त्यांनी गवताची आणि सिमेंटची कोर्टं पाहिली होती. "गवतावर चेंडू घसरून पळतो, सिमेंटवर टणकन उडतो, पण खूण ऱ्हात न्हाय," ते सांगत. "मग ज्याचा आवाज मोठा त्याचा पॉइंट. आपली माती चेंडूला जरा थांबवती, अन् कुठं पडला ते दाखवती."

एकदा अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे सर्वात मोठे साहेब, खेळत होते. पेशकारांची बढती त्यांच्याच सहीसाठी अडली होती. साहेबांचा एक फटका रेषेजवळ पडला. "अंदर!" साहेब म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेशकार खुर्चीवरून उतरले, चष्मा कपाळावर सरकवून उकिडवे बसले आणि खुणेभोवती बोटानं गोल काढला.

"पेशकारसाब, जरा गौर से देखिए."

"देखा, हुजूर. चार उंगल बाहर है."

मी हळूच म्हटलं, "अहो, बढतीचं तरी बघा."

"ती इथं उमटली न्हाय," ते म्हणाले.

सामना शेवटी साहेबांनीच जिंकला. पेशकारांची बदली आडबाजूच्या परंड्याला झाली. तिथं टेनिस कोर्ट नव्हतं.