जेवण होईपर्यंत
रसमचा वास आला की आजही मनातल्या मनात हात जोडले जातात. जाम गावाजवळच्या सूतगिरणीत मी नवीन होते. ट्रकमध्ये भलतंच सूत चढलेलं दिसलं म्हणून धावत साहेबांकडे गेले. साहेब तामिळनाडूचे. केबिनमध्ये डबा उघडून रसमभात कालवत होते. मी दाराशीच थांबले. त्यांनी हात धुतल्यावर मी सांगितलं, तोवर ट्रक हायवेला लागला होता. "पहले क्यों नहीं बोला?" साहेब कडाडले. घाबरून मी गावच्या बोलीतच बोलले, "जेवत्या माणसाले वाईट बातमी सांगत नाई, साहेब. आमच्या घरी कोणीच सांगत नाई." मला वाटलं, गेली नोकरी! दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब बंद डबा घेऊन माझ्या मशीनपाशी आले. "कुछ बुरा है तो अभी बोलो, फिर खाऊंगा." मग ते रोजच विचारू लागले. चार वर्षांनी माझे बाबा गेले, तेव्हा घरचा फोन साहेबांनी घेतला. मी नुकताच डबा उघडला होता. ते समोर येऊन बसले, पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.