पुस्तकातला आकडा
परवा नर्सनं गुडघ्याला आयोडीन लावलं आणि त्या वासासरशी लातूरची प्रयोगशाळा आठवून डोकं फिरलं. एम.एस्सी.ला मी पॉलिथायोफीन नावाच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मला आयोडीनची वाफ देत असे. आयोडीन तिच्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेई आणि तिच्यातून वीज वाहू लागे. पण छताचा पत्रा उन्हानं तापला की आयोडीन उडून जाई, दुपारपर्यंत वीज वाहण्याचा आकडा घसरे. आठवडाभर रोज तेच. सरांनी प्रयोगाची वही न उघडताच सांगितलं, "पुस्तकात हाय तेवढं लिही. तुझ्या उन्हाचं कोण विचारून राहिलंय?" मी म्हटलं, "सर, माझा आकडा खरा हाय." "मग सही दुसऱ्याकडून घे." मी पुस्तकातला आकडा लिहिला. काल ती वही काढली. त्या आकड्याचं अक्षर इतकं सुबक आहे, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.