वहीतले अपघात

धाकटे सर धाकटे नव्हतेच मुळी. थोरले सर आणि ते एकाच वयाचे, एकाच दिवशी आमच्या भूशास्त्र विभागात रुजू झालेले. रजिस्टरपुढे दोघं उभे राहिले तेव्हा धाकट्यांनी 'आधी तुम्ही' म्हणत पेन पुढे केलं. झालं. पहिली सही थोरल्यांची, म्हणून ज्येष्ठ ते आणि विभागप्रमुखही तेच. भलेपणा नडतो तो असा.

मी तिथे दगड कापते. करवतीवर पातळ चकत्या काढायच्या, काचेवर चिकटवायच्या, मग सर त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघणार. एकोणीस वर्षं धाकट्यांचे दगड मीच कापले. उन्हातान्हात नदीचं खोरं पायी तुडवून ते गोण्या भरून आणायचे. माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या हातून चकती फुटली तर दगडच ठिसूळ होता म्हणून उलट माझीच समजूत घालायचे.

थोरल्यांचा हात मात्र सुटलेला. रागावले की समोर असेल ते फेकायचे; आधी प्रबंध, मग दगड. पहिल्या खेपेला धाकट्यांच्या भुवईला चार टाके पडले. विभागात कुणाला लागलं की अपघातवहीत नोंद करावी लागते आणि ती वही माझ्याकडे. काय लिहू विचारलं, तर धाकटेच म्हणाले, कपाटाचा कोपरा लागला असं लिहा, विभागाच्या अब्रूचा प्रश्न आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लिहिलं. पुढे थोरल्यांनी लाथेने खण बंद केला, आत यांची बोटं होती, दोन नखं गेली. लिहिलं, दारात बोटं सापडली. कानशिलात बसली आणि डावा कान कायमचा गेला. लिहिलं, जिन्यावरून पडले. अकरा नोंदी, सगळ्या माझ्या अक्षरात. बाकीचे पाच प्राध्यापक आवाज चढला की दारं लावून घ्यायचे आणि मग धाकट्यांना चहाला बोलवायचे. याला ते आपसातला सलोखा म्हणत. मेले सलोखेवाले.

मग खोऱ्याचा नकाशा छापून आला. धाकट्यांच्या उभ्या आयुष्याचं काम, आणि नाव एकट्या थोरल्यांचं. मी चकत्यांचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. धाकट्यांनी हळूच विचारलं, माझं नाव राहिलं का. थोरल्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"तुम्ही नुसते पाय झिजवलेत. हमालाचं नाव कुणी छापतं का?"

टेबलावर दगड फोडायचा हातोडा पडला होता. धाकट्यांनी तो उचलला आणि थोरल्यांच्या नकाशावरच्या हातावर घातला. दगड तडकतो तसा आवाज आला. दुसरा घाव, तिसरा. नकाशाभर रक्त. मी ट्रे टाकून मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली, तर ते मला फरफटत घेऊन पुढे गेले. चौथा घाव खांद्यावर बसला, थोरले खुर्चीसकट आडवे झाले, तरी यांचा हात पुन्हा वर गेलाच. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले तेव्हा कुठे हातोडा सुटला. बाहेर एकेक दार लागत होतं.

चौकशीत पाचही जणांनी लिहून दिलं की धाकटे पहिल्यापासून तापट, थोरल्यांनी कधी कुणाला बोटही लावलेलं नाही. धाकट्यांची नोकरी वाचायची तर एकोणीस वर्षांचा मार कुणीतरी सांगायला हवा होता, आणि सांगणारी मी एकटीच. सगळं ओकायचं ठरवूनच मी आत गेले. अध्यक्षांनी वही पुढे सरकवली, अक्षर तुमचंच ना म्हणाले. हो म्हटलं. मग शांतपणे म्हणाले, यातलं काही खोटं असेल तर आत्ताच सांगा, पण खोट्या नोंदी करणाऱ्या बाईला आम्ही कामावर ठेवणार नाही. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला.

"वहीत आहे तेच खरं," मी म्हणाले.

त्याच दुपारी धाकट्यांना बडतर्फ केलं. मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होते. ते हातात पिशवी घेऊन आले आणि थांबले. मनगटावर माझ्या दातांचे वळ अजून होते.

"बरं केलंत, बाई. मुलीचं शिक्षण अर्धवट राहायला नको."

थोबाडीत मारली असती तर सोसली असती. हे काही सोसत नाही.