उघड्या डोळ्यांनी आंबा घाट

आम्ही चहाला थांबलो, तरी बाई सायकलवरून उतरत नसत. एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलवर, डाव्या हातात कागदी कप आणि उजवा अंगठा घंटीवर. आमचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच घंटी वाजे.

"आटपा हो! थांबल्यावर पाय विचार करायला लागतात."

रत्नागिरीत रविवारी पहाटे सायकली काढणाऱ्यांचा आमचा एक लहानसा गट आहे. हल्ली आम्ही चहा बाकावर बसून, निवांत पितो. कप रिकामे होतात, तरी कोणी उठत नाही. मग सगळेच एकमेकांकडे पाहतात. तुमच्याही ओळखीत असे एखादे माणूस असेल, ज्याच्या घाईला आपण हसतो आणि ज्याच्या घाईवरच आपले चालत असते.

बाई मांडवीत आमच्या शेजारी राहत. सारी नोकरी त्यांनी बसस्थानकावर आरक्षणाच्या खिडकीत बसून केली. कोल्हापूर, सांगली, पंढरपूर, पुणे अशा सगळ्या गाड्यांचे थांबे त्यांना क्रमाने पाठ होते. गणिताचा शिक्षक असल्याने मला या पाठांतराचे कौतुक वाटे. एकदा मी ते बोलून दाखवले, तर त्या म्हणाल्या, "कौतुक कसलं? साखरपा म्हटलं, की पुढे आंबा. मधे घाट आहे, हे मला फक्त ऐकून माहीत."

"म्हणजे तुम्ही कधी वर गेलाच नाहीत?"

"गेल्ये ना! लग्नाकार्याला कितीदा. पण मला गाडी लागते हो. साखरपा आलं, की डोळे मिटायचे, लिंबू नाकाशी धरायचं, आणि वर पोचल्यावर कुणीतरी हलवून सांगायचं, संपला घाट."

निवृत्त झाल्यावर महिनाभरात त्यांनी गियरची सायकल घेतली. लहानपणी शिकलेली सायकल अंगात होतीच. भाट्याचा पूल ओलांडून पलीकडचा चढ, मग आरे-वारेची घाटी, मग गणपतीपुळे, असा आमचा क्रम मी ठरवून दिला होता. चढ चढण्याचे शास्त्र अगदी साधे आहे. गियर आधीच हलका करावा, श्वास पायांच्या लयीत घ्यावा आणि नजर पुढच्या चाकासमोरच्या रस्त्यावर ठेवावी. पहिल्या दोन गोष्टी बाईंनी लगेच आत्मसात केल्या. तिसरी त्यांना कधीच जमली नाही. आरे-वारेला समुद्र दिसू लागला, की त्यांची मान वळे आणि मानेमागून सायकलही वळे.

"काकू, हँडल सरळ!" मागून सलीमभाई ओरडत. सलीमभाई मिरकरवाड्यात बोटींची इंजिने दुरुस्त करतात आणि माणसांकडेही त्याच नजरेने पाहतात. "इंजिन झकास आहे, सर. सुकाणू तेवढं ढिलं."

"तुझ्या बोटीपेक्षा बरी चालत्ये मी!" बाई मागे न पाहता उत्तर देत.

अशातच पुण्याहून लेकीचा फोन आला. बाईंचे यजमान जाऊन काही वर्षे झाली होती. लेकीची नोकरी वेळी-अवेळीची आणि नात पाळणाघरात रमत नव्हती. आईने आता कायमचे पुण्याला यावे, असे लेकीने ठरवले, आणि बाईंनीही विरोध केला नाही. बिऱ्हाड भाड्याचे होते; ते सोडायचे ठरले. सामान टेम्पोने जाणार, आणि आईला न्यायला लेक गाडी घेऊन येणार.

त्या दिवसापासून बाईंची अस्वस्थता वाढली. आधी आमच्यापुढे एक वळण असत, त्या दोन वळणे पुढे जाऊ लागल्या. उजाडायच्या आत माझ्या फाटकाशी घंटी वाजे. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"सर, पुण्याला मी जात्येच आहे. नातीसाठी जायलाच हवं. पण जन्म काढला त्या गावातून डोळे मिटून नाही निघायचं मला. आंबा घाट मी सायकलने चढणार."

मी वय, रहदारी आणि चढाची लांबी असे तीनही मुद्दे समजावून सांगितले. त्यांनी वर्गातल्या हुशार मुलीसारखे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग रविवारी किती वाजता?"

ज्यांनी हा घाट पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. साखरपा मागे पडले, की काही वेळ रस्ता आपल्याला फसवतो. चढ आहे, असे वाटतच नाही. मग एकाएकी डोंगर समोर उभा राहतो आणि रस्ता त्याच्या कुशीतून वळणे घेत वर जातो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. त्या रविवारी अर्ध्या घाटात एक भरलेला ट्रक बाईंना इतका खेटून गेला, की त्या उतरल्या आणि कठड्याला टेकल्या. सलीमभाईंनी खाली जाणारा एक रिकामा टेम्पो थांबवला.

"टेम्पोत? घाटात? मला ओकारी येईल!" असे म्हणून बाई उठल्या आणि सायकल हाताने ढकलत साखरप्यापर्यंत चालत आल्या.

कठड्याला टेकलेल्या बाईंचा फोटो गटातल्या कोणीतरी फोनवर टाकला आणि तो फिरत फिरत पुण्याला पोचला. संध्याकाळी लेकीने मलाच फोन केला.

"सर, तुम्ही शिक्षक आहात. तुम्ही तरी तिला समजवा. तिला काही झालं, तर मी काय करू? मला आई हवी आहे हो, तिचा पराक्रम नको."

तिचे म्हणणे खरे होते. ते मी बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्या खिडकीशी उभ्या होत्या; बांधाबांध झालेल्या घरात त्या बसत नसत. म्हणाल्या, "तिला सांगा, मी येत्ये. पण मला कुणी नेऊ नये."

पुढे मायलेकींचे फोन झाले, रागवारागवी झाली आणि एक तडजोड निघाली. बाईंनी घाटमाथ्यापर्यंत सायकलने यावे, लेकीने आंबा गावात गाडी घेऊन थांबावे आणि तिथून पुढे बाईंनी मुकाट्याने गाडीत बसावे.

आम्ही आदल्या दिवशी साखरप्याला गेलो आणि सलीमभाईंच्या मेहुण्याकडे मुक्काम केला. सकाळी वर माथ्यावर धुके होते, खाली मात्र स्वच्छ होते. मी पुढे, बाई मध्ये, सलीमभाई मागे, असा क्रम ठेवला. पहिल्याच वळणावर मागे पाहिले, तर बाईंची नजर दरीत.

"बाई, रस्त्याकडे बघा!"

"रस्ता काय, सगळीकडे सारखाच! ते खालचं झाड कसलं हो? लालभडक?"

"पांगारा. पण तुम्ही..."

"आणि तो धूर? खाली घरं आहेत?"

मी उत्तरे देत राहिलो. वर्गात मला प्रश्न आवडतात. घाटात मात्र प्रत्येक उत्तराच्या शेवटी मी "रस्ता!" असे ओरडत होतो. ज्या वळणावर त्या मागच्या वेळी उतरल्या होत्या, तिथे नेमका एक ट्रक मागून आला. मी पुढे होतो. वळून पाहण्याचे धाडस झाले नाही. ट्रक त्यांच्याजवळ आला, वेग कमी झाला आणि आतून कोल्हापुरी हेलात हाक आली, "आज्जी, सोडू काय वर?"

"तू हो पुढे! आणि हॉर्न वाजवू नको मेल्या, दचकायला होतं!"

ट्रक निमूट पुढे गेला. मागून सलीमभाईंचे हसणे ऐकू आले आणि मग बाईंचा श्वास, जड पण लयीत.

माथ्यावर लेक चहाच्या टपरीपाशी उभी होती. आई दिसताच धावत आली, तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगं, काय लाल झाल्येस! किती घाबरवायचं माणसाला?" आणि रडू लागली. बाईंनी तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "सगळं बघितलं गं. फार खोल आहे. तुला माहीत होतं, तर मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू डोळे मिटलेले असायचीस, आई."

लेकीने गाडीची डिकी उघडली. सलीमभाई चाक काढायला वाकले. बाईंनी हँडल सोडले नाही.

"पुढे रस्ता कसा आहे रे?"

"मलकापूरपर्यंत? चढउतार, पण घाट नाही. दोन्ही बाजूंना ऊस."

"मग तेवढं बघूनच घेत्ये. मलकापुरात बसेन गाडीत."

"आई! ठरलं होतं आपलं!"

"बसणार आहे ना! नाही कुठे म्हटलंय?" आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्या निघाल्याही.

लेकीने माझ्याकडे पाहिले. मग ती हसली, तिने डिकी बंद केली आणि गाडीत बसली. धुक्यात सायकल हळूहळू पुढे जात होती; तिच्यामागे तितक्याच हळू ती गाडी, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकवत, मागच्या वाहनांचे हॉर्न खात. आधी सायकल दिसेनाशी झाली, मग गाडी. दिव्यांची उघडझाप मात्र रस्त्याकडेच्या झाडांवर आणखी थोडा वेळ दिसत होती.